पाचव्या मिनिटाचा प्रश्न

रिचर्ड अ‍ॅटनबरोचा 'गांधी' तीन तास अकरा मिनिटांचा आहे. जेलरोडवरच्या आमच्या हॉलमध्ये तो संपायला साडेपाच तास लागले. एकदा लाइट गेली, दोनदा चहा झाला, एकदा भांडण झालं.

निमित्त होतं वरच्या मजल्यावरच्या पाचवीतल्या मुलाचा शाळेचा प्रोजेक्ट. विषय महात्मा गांधी, चार चित्रं, दहा ओळी. या मुलाला बिल्डिंगमध्ये सगळे बारक्या म्हणतात. त्याची आई म्हणाली, "तुझ्याकडे तो पिक्चर आहे ना गं? दाखव त्याला, नाहीतर गूगलवरून जसंच्या तसं उतरवेल." २ ऑक्टोबरची सुट्टी होती. मी फोन टीव्हीला जोडला आणि बघता बघता हॉल भरला. आमचे आजोबा, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, ते खुर्ची पुढे ओढून बसले. भगूरहून मामा आला होता. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला आदल्या दिवशी घेऊन आली होती आणि दोघी आमच्याकडेच मुक्कामाला होत्या. सिनेमा इंग्रजीत, त्यामुळे मोठ्याने मराठी करून सांगायचं काम माझ्याकडे.

सिनेमा सुरू होतो तोच खुनापासून. ३० जानेवारी १९४८, प्रार्थनेची गर्दी, एक माणूस वाकून नमस्कार करतो आणि तीन गोळ्या झाडतो. मग अंत्ययात्रा. ही गर्दी कॉम्प्युटरवर बनवलेली नाही. ३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीत हा प्रसंग शूट झाला आणि त्यासाठी तीन लाखांवर माणसं रस्त्यावर आली होती. मी हे सगळं उत्साहाने सांगत होते. बारक्याचं लक्ष मागेच अडकलं होतं.

"पण त्याने का मारलं?"

"बघ पुढे, कळेल," त्याची आई म्हणाली.

तुम्ही हा सिनेमा पाहिला असेल किंवा नसेल, त्याचे तुकडे नक्की पाहिले असतील. आगगाडीतून फेकून दिलेला वकील, मीठ उचलणारा हात, खाली व्हायोलिन लावून कुणीतरी केलेलं रील. आणि लगेच खालच्या फॉरवर्डमध्ये त्याच माणसाला शिव्या. आपल्या वयाच्या लोकांना गांधी भेटतो तो असा, तीस सेकंदांत. अख्खे तीन तास त्याच्यासोबत, तेही घरच्यांच्या मधोमध बसून, हा प्रकार वेगळाच आहे. पडद्यावर काय चाललंय यापेक्षा कोण कुठे खाकरतंय हेच जास्त ऐकू येतं.

पहिला आक्षेप अण्णांचा. बेन किंग्जलेचे कान त्यांना मान्य नव्हते.

यामागे त्यांची नोकरी आहे. नाशिकरोडला १९२५ पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ पासून करन्सी नोट प्रेस आहे. इथल्या दर तिसऱ्या घरातून कुणी ना कुणी प्रेसला गेलेलं असतं. अण्णा नोट प्रेसमध्ये तपासणीला होते. छापलेल्या शीट्स बघायच्या आणि दोष असलेली शीट बाजूला काढायची, हे काम. १९९६ मध्ये महात्मा गांधी मालिकेच्या नोटा सुरू झाल्या. त्याआधी बहुतेक नोटांवर अशोकस्तंभ असायचा. अण्णा सांगतात, "सिंहाच्या आयाळीची एक रेघ कमी आली तर डोळा फसतो. माणसाच्या तोंडात रेघ कमी आली की लगेच कळतं." निवृत्त होईपर्यंत रोज पाळीभर त्यांनी तो एकच चेहरा पाहिला. १९४६ च्या एका फोटोतून तो घेतलेला आहे. फोटोत शेजारी ब्रिटिश मंत्री पेथिक-लॉरेन्स उभे होते. नोटेवर ते कापले गेले आणि गांधींचं हसू तेवढं उरलं. त्यामुळे किंग्जले पडद्यावर आला की अण्णा माप घेत बसायचे. कान लहान. ओठ पातळ. साधारण तासाभराने त्यांनी माप घेणं सोडून दिलं. कुठल्या प्रसंगाला ते मला टिपता आलं नाही. माझं भाषांतर चालू होतं.

अवांतर सांगते, कारण नाशिकरोडच्या माणसाला हे टोचतंच. स्वतंत्र भारताने गांधींची पहिली तिकिटं काढली १५ ऑगस्ट १९४८ ला, दीड आण्यापासून दहा रुपयांपर्यंतची चार. ती छापून आली स्वित्झर्लंडहून. देशाचा तिकिटांचा छापखाना आमच्या इथे आणि खादीवाल्या म्हाताऱ्याची तिकिटं परदेशी बनावटीची. अण्णा हे अजूनही कालच घडल्यासारखं सांगतात.

रोहिणी हट्टंगडी दिसल्याबरोबर बारक्याची आई ओरडली, "अगं, ही तर 'चार दिवस सासूचे'!" मग पुढचा अर्धा तास ओळखपरेड. गोखले म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मग लागूंवरून 'नटसम्राट', 'नटसम्राट'वरून कुसुमाग्रज, म्हणजे फिरून नाशिकच. दक्षिण आफ्रिकेतले खान म्हणजे अमरीश पुरी. कपडे केले होते कोल्हापूरच्या भानू अथय्यांनी. जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं आणि ऑस्कर घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. सिनेमाला एकूण आठ ऑस्कर. हट्टंगडींना बाफ्टा मिळालं. बारक्याने हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "मग यात हिरो मराठी का नाही?" मामा म्हणाला, "तो पण झाला. 'लगे रहो मुन्नाभाई'त दिलीप प्रभावळकर." हे ऐकून बारक्याला बरं वाटलेलं दिसलं.

आई तोपर्यंत स्वयंपाकघरातून येऊन-जाऊन बघत होती. आफ्रिकेतल्या आश्रमात कस्तुरबा संडास साफ करायला नकार देते आणि गांधी तिला दंडाला धरून बाहेर काढायला निघतो, त्या प्रसंगाला ती दारातच थांबली. हा प्रसंग खरा आहे, गांधींनी तो आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलाय. आईला कुणी सांगायची गरज नव्हती. "जगाला अहिंसा शिकवणार आणि बायकोचा दंड धरणार," एवढं म्हणून ती आत गेली. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. शेवटी आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा जाते आणि तो तिच्याजवळ नुसता बसून राहतो, तेव्हा ती परत आली आणि खाली बसली. त्यावर ती काही बोलली नाही. मी विचारलंही नाही.

तुरुंग आला की बारक्या विचारायचा, "हे आपलं जेल?" प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागत होतं. पण त्याचं विचारणं चुकीचं नव्हतं. आमच्या रस्त्याला ज्या जेलचं नाव आहे त्याच नाशिकच्या कारागृहात साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत 'श्यामची आई' लिहिलं. त्याच काळात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी तिथे होते आणि पुढच्या समाजवादी पक्षाचं बोलणं तिथेच सुरू झालं. रोज त्या भिंतीजवळून आमची रिक्षा जाते. अ‍ॅटनबरोचा कॅमेरा इकडे फिरकला नाही.

मग दांडीयात्रा सुरू झाली आणि मैत्रिणीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हा निघाला १२ मार्चला. आमचे लोक २ मार्चपासून काळारामाच्या दारात बसले होते."

बारक्यासाठी तिने सविस्तर सांगितलं. १९३०, नाशिकचं पंचवटी. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मैलभर लांबीची मिरवणूक निघाली, सुमारे पंधरा हजार माणसं. नाशिकमध्ये ही बाजू सांभाळत होते दादासाहेब गायकवाड. मंदिराचे दरवाजे बंद केले गेले. लोक दरवाज्यांसमोर बसले. तिकडे ६ एप्रिलला गांधींनी मीठ उचललं आणि इकडे ९ एप्रिलला रामाच्या रथाचा दिवस आला. रथ दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं. ऐनवेळी ठरलेलं मोडून रथ पळवला गेला आणि दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे सुमारे पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही.

"मग यात आंबेडकर कधी येणार?" बारक्याने विचारलं.

"येणारच नाहीत," ती म्हणाली.

खरंच येत नाहीत. तीन तास अकरा मिनिटांत एकदाही नाही. सिनेमा १९३१ च्या गोलमेज परिषदेपर्यंत येतो आणि मग थेट दुसऱ्या महायुद्धात उडी मारतो. १९३२ चं येरवड्याचं उपोषण, पुणे करार, काहीच नाही. सुरुवातीला एक पाटी येते. कुठल्याही माणसाचं आयुष्य एका गोष्टीत मावत नाही, अशा अर्थाची. मैत्रिणीच्या मते ही आधीच घेऊन ठेवलेली सूट आहे. सलमान रश्दींनी तेव्हाच या सिनेमावर कडक लिहिलं होतं, त्यांना सुभाषबाबू गायब असल्याचं खटकलं होतं. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मध्ये मामुट्टीचे आंबेडकर आणि मोहन गोखल्यांचे गांधी समोरासमोर बसतात. तो बघितल्यावर अ‍ॅटनबरोच्या सिनेमातली ही रिकामी खुर्ची फारच मोठी दिसायला लागते.

मामा म्हणाला, "सगळंच घालायचं तर सात तासांचा होईल. सावरकर पण नाहीत. १९०९ ला लंडनमध्ये दसऱ्याच्या कार्यक्रमाला दोघं एका व्यासपीठावर होते, ते कुठे दाखवलंय?" मामा सावरकरांच्या वाड्यापासून चार घरं सोडून वाढला. पाहुणे आले की तो त्यांना पहिल्यांदा वाडा दाखवतो, मग जेवायला बसवतो. एरवी त्याचं आणि मैत्रिणीचं एका मुद्द्यावर एकमत होणं अशक्य. त्या दिवशी झालं, सिनेमात आपलं माणूस नाही या मुद्द्यावर.

हे चालू असतानाच धारासना आलं. २१ मे १९३०. गांधी आधीच तुरुंगात आहेत. मिठागराच्या दारात लाठ्या घेतलेले पोलीस उभे आहेत आणि सत्याग्रही ओळीने पुढे येतात. पहिली ओळ डोक्यावर लाठ्या खाऊन पडते. बायका त्यांना ओढून नेतात. दुसरी ओळ पुढे येते. मग तिसरी. इथे भाषांतराला काही नव्हतंच, मी गप्प बसले. हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज.

मैत्रिणीची आजी तोपर्यंत जवळजवळ झोपल्यासारखी बसली होती. एका डोळ्यावर डॉक्टरांची पट्टी. ती म्हणाली, "हात वर केले नाहीत, बघ. आमचे बा असंच सांगायचे. दगड येताना दिसतो, हात आपोआप वर जातो. तो खाली ठेवायचा म्हणजे लय अवघड."

तिचे वडील काळारामाच्या त्या गर्दीत होते, अठरा-एकोणीस वर्षांचे. रथाच्या दिवशी त्यांना कपाळाला लागलं. तिथे खळगा राहिला होता. "आम्ही पोरं त्यांच्या मांडीवर बसून त्यात बोट घालायचो," आजी म्हणाली. "ते हसायचे. म्हणायचे, रामाचा प्रसाद आहे."

मैत्रीण चिडली होती. तिने विचारलं, "पण आजी, या पिक्चरमध्ये तुझे बा कुठेत?"

"मी बघतेय ना," आजी म्हणाली.

याचा अर्थ मला त्या दिवशी नीट लागला नाही, अजूनही पूर्ण लागलाय असं नाही. मैत्रिणीचा राग मला पटतो. हा सिनेमा सत्याग्रहावरचा जगातला सगळ्यात मोठा सिनेमा आहे, भारत सरकारचे पैसे त्यात लागलेत आणि आपल्याच देशातल्या बंद दारासमोर केलेला सत्याग्रह त्याने वगळलाय. पण आजी त्याच सिनेमात बापाला बघत होती, दिग्दर्शकाची परवानगी न घेता. "तुला आत जायचं होतं का गं मंदिरात?" बारक्याने तिला विचारलं. ती म्हणाली, "छे रे. आम्ही छप्पन साली धम्म घेतला. पण दार माणसाला बंद नको ना."

लाइट गेली ती इथेच. पाऊण तासाने आली.

उरलेला सिनेमा फाळणीचा आहे. कलकत्त्याच्या उपोषणात ओम पुरी येतो, एवढासा प्रसंग, आणि अख्खा सिनेमा स्वतःच्या नावावर करून जातो. तो गांधींच्या अंगावर पोळी फेकतो. मी नरकात चाललोय, म्हणतो. मुसलमानांनी याचं पोर मारलं, म्हणून याने एका पोराला भिंतीवर आपटून मारलंय. गांधी त्याला उपाय सांगतात: एक अनाथ मुलगा शोध, मुसलमानाचा, आणि त्याला मुसलमान म्हणूनच वाढव. हे मराठीत सांगताना माझा आवाज फुटला. मामाने विचारलं, "हे खरं घडलंय?" मी म्हटलं, उपोषण खरं, शस्त्रं आणून टाकली तेही खरं, बाकी सिनेमा. मामा रक्तदानाचा पन्नाशी पार केलेला माणूस, कुणाच्याही अपघाताला धावतो. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

आणि मग सिनेमा सुरू झाला होता तिथेच येऊन संपतो. तीच बाग, तोच नमस्कार, त्याच तीन गोळ्या. राख नदीत जाते, नावं सुरू होतात.

बारक्या म्हणाला, "कळलंच नाही. का मारलं ते सांगितलंच नाही."

खोलीत सात जण होते. चौघांनी फोन उचलला.

पहिला बोलला मामा. "सावरकरांना कोर्टाने निर्दोष सोडलं होतं." त्यांचं नाव कुणी काढलं नव्हतं. मग तो म्हणाला, "फाळणी झाली. वर पाकिस्तानला पंचावन्न कोटी द्यायला लावले. लोक चिडले होते." हे फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आलं असेल. जानेवारी १९४८ चं दिल्लीतलं उपोषण, ज्याला हे पंचावन्न कोटी चिकटवले जातात, ते सिनेमात नाही. त्यामुळे सिनेमा मामाला होही म्हणत नाही आणि नाहीही.

मी बारक्याला सोपं करून सांगायला गेले. तो माणूस पुण्याचा होता, वर्तमानपत्र काढायचा, त्याला वाटायचं गांधींमुळे हिंदूंचं नुकसान होतंय.

"मग पेपरात लिहायचं ना."

"लिहीत होता."

"मग?"

भांडण झालं ते या 'मग'वर. मैत्रीण म्हणाली, "मामा, १९३४ ला कुठे होती फाळणी?" २५ जून १९३४ ला पुण्यात गांधींवर बॉम्ब फेकला गेला. नगरपालिकेच्या सत्काराला ते निघाले होते, बॉम्ब पुढच्या गाडीवर पडला, गांधी मागच्या गाडीत होते. माणसं जखमी झाली. फेकणारा सापडला नाही. तेव्हा पाकिस्तान नव्हतं, पंचावन्न कोटी नव्हते. गांधी देशभर हिंडत होते ते अस्पृश्यतेविरुद्ध, मंदिरं उघडा म्हणून. मामा म्हणाला, फेकणाराच सापडला नाही तर कारण कसं सांगतेस? हा मुद्दा बरोबर आहे. त्या एका बॉम्बवरून चौदा वर्षांनंतरच्या खुनाचं सगळं कारण सिद्ध होत नाही. पण फाळणी हे एकमेव कारण होतं, ही गोष्ट त्या तारखेपाशी येऊन अडखळते. आवाज इतके चढले की खालच्या काकूंनी बेल वाजवली.

मला त्या गोंधळात जे दिसलं ते एवढंच. अ‍ॅटनबरोच्या सिनेमात शत्रू कायम गोरा आहे, किंवा वेडी झालेली गर्दी आहे. आपल्यातल्याच शांत, शिकलेल्या, नमस्कार करणाऱ्या माणसाला गांधी का नकोसा झाला, हे सांगायला त्याला बंद देऊळ दाखवावं लागलं असतं, आंबेडकर दाखवावे लागले असते, आंबेडकरांनी गांधींवर घेतलेले आक्षेपही दाखवावे लागले असते. ते वगळलं आणि मग खुनाचं कारणही आपोआप वगळलं गेलं. पाच वर्षं न उघडलेलं दार आणि ती तीन गोळ्यांची बाग, दोन्ही एकाच सिनेमात असते तर बारक्याला निदान विचार करायला काही मिळालं असतं.

अण्णा एवढा वेळ गप्प होते. १९८३ मध्ये त्यांनी हा सिनेमा हिंदीत, टॉकीजमध्ये पाहिला होता. "तेव्हा सुटल्यावर लोक काय बोलत होते?" मी विचारलं. ते म्हणाले, "काही नाही. रडत होते. दुसऱ्या दिवशी पाळीवर गेले." जरा थांबून म्हणाले, "कुणी विचारलं नाही का मारलं म्हणून. आम्हाला माहीत होतं. बोलत नव्हतो." अठ्ठेचाळीस साली ते पाच वर्षांचे होते, सिन्नरजवळच्या गावात. गावातलं एक घर जळताना त्यांनी पाहिलंय. घर भटजींचं होतं, त्यांचा खुनाशी काडीचा संबंध नव्हता. हे त्यांनी आम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मामासुद्धा शांत झाला. आजीने अण्णांना विचारलं, "मग ती माणसं कुठं गेली?" अण्णा म्हणाले, "नाशिकला आली. परत नाही गेली."

आईने पानं घेतली. खिचडी होती. मामा आणि मैत्रीण शेजारी शेजारी जेवले, पापडावरून बोलले. रात्री उशिरा फॅमिली ग्रुपवर मामाचा मेसेज आला. मला वाटलं, फॉरवर्ड असेल. ओम पुरीच्या त्या प्रसंगाची क्लिप मागत होता.

बारक्याचा प्रोजेक्ट चार दिवसांनी गेला. चार चित्रं सांगितली होती: चरखा, चष्मा, दांडी, तीन माकडं. त्याने चारही चिकटवली आणि पाचवं स्वतः काढलं, एक मोठं बंद दार आणि त्याच्यासमोर खूप सारी गोल डोकी. एका डोक्याच्या कपाळावर लाल टिंब होतं. खाली लिहिलं होतं, 'काळाराम मंदिर, २ मार्च १९३०. आणि पुणे, २५ जून १९३४.'

वही परत आली. चार चित्रांवर बरोबरच्या खुणा होत्या आणि पाचव्याच्या बाजूला लाल पेनाने मोठं प्रश्नचिन्ह. मार्क कापले नव्हते. तो वही घेऊन खाली आला आणि अण्णांना दाखवून विचारू लागला, "हे काय?"

अण्णांनी चष्मा वर सरकवला, पान उजेडात धरलं, शीट तपासायचे तसं तिरपं करून बघितलं.

"काही नाही," ते म्हणाले. "मॅडम विचारतायत. उद्या जाऊन सांग त्यांना."